धुक्याची लेव्हल

रविवारी सेवा केंद्राचं शटर अर्धंच वर असतं.
तिघं वाकून आत आले:
वाजेद, भागवत आणि चष्मा लागलेला सुमेध.
माळ्यावरचा तो जाड पाठीचा मॉनिटर
मी ओल्या फडक्यानं पुसून ठेवला होता.
सीडी भागवतनं आणली, रुमालात गुंडाळून.
वर स्केचपेननं लिहिलेलं: भाग २, खरा.
खरा, कारण भाग दोनच्या नावाखाली
नांदेडहून एकदा भाग एकच आला होता.

वाद जिंतूर रोडपासूनच सुरू असावा.
"हौ, मानलं," वाजेद म्हणतो, "पण आज खेळून बग.
माणूस दारात अडकायला. अख्ख्या फौजेला चार चेहरे.
आपण जीव लावला ते हे नव्हतंच, भाई."
भागवत उखडतो.
"आन नव्या भागांत काय? गोळी लागली
की भिंतीआड दोन श्वास घ्यायचे, झाला बरा.
इथं सात टक्के हेल्थवर धरण पार केलंय आपण.
पेटी सापडली तर सापडली."
"नाही सापडली तर?"
"तर पुन्हा पहिल्यापासून. कामून रडायलास?"

सुमेध कमी बोलतो. पुण्यात तो
असल्याच कशाचं तरी टेस्टिंग करतो.
तो म्हणाला, "त्या लेव्हलला धुकं होतं ना,
ते धुकं नव्हतं.
पन्नास पावलांपलीकडचं मशीनला काढताच येत नव्हतं,
म्हणून पांढरं ओतलं."

वाजेदसुद्धा गप्प झाला.
त्या पांढऱ्यातच तर होतं सगळं.
भागवतला तिथं येलदरीची भिंत दिसलेली,
वाजेदनं शपथेवर सांगितलेली एक नाव,
आणि त्या नावेपायी
अख्खी दिवाळीची सुट्टी जाळलेली,
तासाला पंधरा रुपयांनी.

मग तिघांनी माझ्याकडं पाहिलं.
"महानंदा, तू सांग."

मी काय सांगू?
बारावीनंतरची चार वर्षं मी काउंटरवर होते.
कोण कधी बसलं, कधी उठलं,
लाइट गेली तर किती मिनिटं वजा,
सगळं वहीत.
खेळ पाहिला तो तुमच्या डोक्यांच्या फटींतून,
कधी बंदुकीचं टोक, कधी आभाळाचा तुकडा.
मला पाठी आठवतात.
गोळी लागायच्या आधी
वाजेदचा डावा खांदा वर जायचा.
बस म्हणून कुणी म्हणालं नाही.
वही माझ्याच हातात होती,
दहा मिनिटं फुकट लिहिता आली असती स्वतःच्या नावावर.
तेही सुचलं नाही.

"मग तूच बस," सुमेध म्हणाला,
"तुला आठवण नाही. निकाल तुझाच खरा."

बसले.
आधी नुसतीच भिंतीला तोंड लावून फिरत राहिले.
मागं तिघं ओरडायले, उजवीकडं, अगं उजवीकडं.
पहिल्याच शिपायानं मारलं. दुसऱ्यांदाही त्यानंच.
चौथ्या वेळी तो वळला तेव्हा मी जिन्याखाली होते
आणि माझा खांदा वर गेला होता.

धरणाच्या माथ्यावर कुणी नव्हतं.
पत्र्यावर चालल्यासारखी माझी पावलं.
"थांबू नको, वरून मारतेत," भागवत.
मी थांबले.
चाललं की ते पांढरं मागं सरायचं,
थांबलं की थांबायचं,
अंतर राखून, घरात नवं आलेलं माणूस बसतं तसं.

"कसा वाटायला?"
"दारं अरुंद आहेत," मी म्हणाले, "आणि माऊस जड."
वाजेदनं टाळी मागितली. भागवतनं दिली नाही.
इन्व्हर्टर एकदा टुक् करून बदलला.
बाहेर कुणीतरी शटर वाजवत होतं,
उत्पन्नाचा दाखला असेल.

सांगा, उद्या या म्हणावं.
आणि सुमेध, ड्रॉवरमध्ये जुनी वही आहे, घे.
लिही: महानंदा, मशीन तीन, अकरा दहा.
उठल्याची वेळ
रिकामी ठेव.