एक जोड कमी

कुडचड्याच्या स्टेशनमागे माझं टेबल.
त्यावर दोन मिक्सर, एक इस्त्री,
देवळातला घसा बसलेला लाऊडस्पीकर.
सियोना गाडी कडेवर घेऊन आली, आजारी मांजर आणावं तशी.
म्हणाली, पुरसो अंकल, ही चढावर दमते.

बापाने बोटीवरून आणलेली. पंजाएवढी चाकं,
पाठीत बॅटरी, आणि बॅटरीच्या तोंडाशी
पांढऱ्या प्लास्टिकचा तो जुना प्लग,
ज्याच्या पिना म्हणजे नुसता वळवलेला पत्रा.
हात लावला. गरम.
नाकाशी नेला. माझं अर्धं निदान नाकातून होतं.
प्लास्टिकचा एक कोपरा
चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा खचलेला.

मोटर गेली?
मोटर ठणठणीत आहे, पोरी.
बॅटरीही सढळ हाताने देते आहे.
मधल्या मधे खाल्लं जातंय.

बाकावर बसलेला पंचायतीतला बाबुसो
उगाच खोकला.

खाणीवर बावीस वर्षं हेच पाहिलं.
अंगठ्याएवढा एक लग अर्धा आटा सैल,
आणि पन्नास टनांचा डंपर चढावर आडवा.
मग खाण बंद झाली. डंपर रांगेत उभे,
त्यांच्यावर वेली चढल्या.
तांबं आधी गेलं,
माणसं नंतर.

मी ड्रॉवर ओढला.
लाल, चपट्या पात्यांचा: चांगला, पण हट्टी.
सियोना वैतागून वायरीला धरून ओढणार, मला माहीत आहे.
निळा, जाडजूड:
बारशाला लग्नाचा मांडव.
पिवळा घेतला. त्याचे दोन कोपरे तासलेले,
काळोखातही उलटा बसत नाही.
साठ अँपियर म्हणतात. मी पन्नास धरतो.

ॲडॅप्टर मिळतो मडगावला, ती म्हणाली,
ऐंशी रुपये, कापायला नको.
मी म्हटलं, ॲडॅप्टर लावलास तर
जुनं दुखणं घरातच राहतं
आणि वर एक पाहुणा येतो.
आपल्याला एक जोड वाढवायचा नाही.

कात्री उचलली तेव्हा ती म्हणाली,
डॅडी नोव्हेंबरात येतो.
मार्च चालू होता.
मी कात्री खाली ठेवली, लाऊडस्पीकरचा स्क्रू फिरवत बसलो.
पोदेराचा भोंगा गल्लीतून आला, गेला.
मग तिनेच वायर पुढे केली.

आधी लाल. टेप. मग काळी.
दोन्ही एकदम कापायच्या नाहीत,
माझ्या कात्रीच्या पात्याला दात पडलाय तो त्याच दिवसाचा.
बॅटरीकडे भोकांची बाजू, गाडीकडे पिनांची,
कारण बॅटरीला झोप नसते,
तिचं काही उघडं ठेवायचं नाही.
आणि डाग देताना समोरचा जोडीदार लावूनच ठेवायचा,
नाहीतर तापल्यावर पिना आपापल्या दिशेने कलतात.

राळेचा धूर. कथील पाण्यासारखं पसरलं,
चकचकीत, दृष्ट लागावी असं.
आणि काळी नळी?
वायरीत आधी ओवायची ती काळी नळी
टेबलावर माझ्याकडे बघत पडलेली.
तीस वर्षांचा अनुभव!
सियोना इतकी हसली की बाबुसोही हसला.
सगळं उकललं. पुन्हा केलं.
दुसऱ्यांदा तितकं चकचकीत नाही आलं, पण पक्कं आलं.

संध्याकाळी नदीकाठी,
खनिज उतरवायच्या जुन्या रॅम्पवर, तांबड्या धुळीत,
गाडी सुटली ती
थेट माथ्यावर, एकदाही न थबकता.
प्लगला हात लावला: कोमट. माणसाच्या हाताइतका.

पांढरा प्लग तिने खिशात टाकला होता,
वायरीचे दोन तुकडे बाहेर डोकावत.
मी काही विचारलं नाही.

चौथ्या फेरीला आतून कर्र आवाज आला.
गिअर, बहुतेक.
आता त्याची पाळी.
इतके दिवस तो पांढऱ्याच्या आडोशाला
सुखाने राहिला होता.