पहिलं पान

शनिवार, रात्रीचे सव्वाअकरा. सातपूर.
खाली पत्रा कापणारं मशीन आत्ताच थांबलंय,
जिन्याच्या कठड्याला हात लावला तर अजून थरथर लागते.
वर मी, एसी, आणि एक काळं खोकं
ज्यात अकरा यंत्रं राहतात. अंग एकालाही नाही.

नववं यंत्र गायधनींचं.
पंचवटीतल्या त्यांच्या काकांच्या चोपड्या
दोन वर्षं स्कॅन करून त्यात ठेवल्यात:
कोण कुठल्या गावाहून आलं, कोणाची रक्षा घेऊन,
मागे कोण कोण. खाली सही, नाहीतर अंगठा.
मोडीतली पानंही आहेत. मला ती वाचता येत नाहीत,
नक्कल करायला यावी लागत नाहीत.

गेल्या चैत्रात मी चुकले.
सगळी पार्टिशनं उतरवून घेतली, शहाण्यासारखी,
आणि डिस्कच्या अगदी तोंडाशी असलेले
पाचशे बारा बाइट तेवढे राहिले.
परत उभं करायला गेले तर काळा पडदा,
डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ.
चारशे जीबी जागच्या जागी,
फक्त सुरुवात कुठून करायची ते कोणाला ठाऊक नाही.

गायधनी आले, ओरडले नाहीत.
म्हणाले, पगार, आमच्याकडे हे होऊन गेलंय.
(माझं आडनाव पगार. महिन्यातून एकदा त्यावर विनोद होतोच.)
गंगेचं पाणी दुतोंड्याच्या डोक्यावरून गेलं त्या साली
काकांनी चोपड्या माळ्यावर चढवल्या, सगळ्या वाचल्या.
खुंटीला पिशवी, पिशवीत सूची. तिचा लगदा झाला.
कळवण कुठल्या चोपडीत, कोपरगाव कुठल्या,
दारात माणूस उभा, डोकं भादरलेलं,
आणि काका ढिगात चाचपडतायत.
तेव्हापासून सूचीची एक नक्कल
बिस्किटांच्या डब्यात, सिन्नरला, बहिणीकडे.
"नदीपासून लांब," गायधनी म्हणाले, "आणि काकूपासूनही."

म्हणून आता आधी पहिलं पान.
यंत्र झोपवायचं. चालत्या यंत्राची नक्कल म्हणजे
बोलता बोलता काढलेला फोटो, तोंड अर्धं उघडं.
मग डीडी. ब्लॉक पाचशे बारा, काउंट एक.
एन्टरवरचं बोट उचलेपर्यंत होऊनही जातं.
चारशे सेहेचाळीस बाइटांत उठायचं कसं ते,
चौसष्टांत भिंती कुठून कुठपर्यंत,
शेवटचे दोन म्हणजे सही.
सही नसेल तर बायोस पुढचं ऐकूनच घेत नाही,
आमच्या अकाउंट्ससारखं.

मग मोठ्या डिस्का. त्यांना पहाट होते.
एक नक्कल इथे, एक मागच्या इमारतीत,
एक माझ्या सॅकमधून सिडकोला, घरी,
तांदळाच्या डब्याशेजारी.

नक्कल उभी करून बघायची, हा नियम माझा.
नववं उठलं. तपासायला एखादं पान उघडायचं
म्हणून कळवण उघडलं. पगार.
दादांचं अक्षर.
आजोबांना घेऊन आले होते तेव्हाचं,
'र'ची शेपटी तशीच, पुढच्या अक्षरात अडकलेली.
पुत्र दोन, निंबा व यशवंत. कन्या एक.

कन्या एक.
पुढे जागा होती. बोटभर, कोरी.

स्कॅन बदलता येतो. पाच मिनिटं लागली नसती,
परवानग्या सगळ्या माझ्याकडेच.
मी चेकसम काढला. मूळ आणि नक्कल,
बत्तीस अक्षरं, एकेक, मोठ्याने.
जुळली.

मग रजिस्टर.
यंत्र नऊ. बूट रेकॉर्ड व डिस्क. पूर्ण. तपासले. तीन चाळीस.
शेवटी मी एरवी नुसतं वै. प. करते.
आज वैजयंता तुळशीराम पगार लिहायला घेतलं.
रकाना पुरला नाही.