दोन पुडकी

एकच पुडकं करून चालणार नाही,
हे मी रेमी घोन्साल्विसला तिसऱ्यांदा सांगितलं.
सर्व्हरचं वेगळं, क्लायंटचं वेगळं.

आमचं ऑफिस दारूखान्यात, दुसऱ्या मजल्यावर.
खाली फोडलेल्या जहाजांचे नळ, बिजागऱ्या, गोल खिडक्या
किलोवर विकतात.
वर आम्ही बांधतो.

सर्व्हर जाणार एका ठिकाणी,
शिवडीच्या इस्पितळाच्या तळघरात,
जिथे एसी गळतो आणि खाली निळी बादली असते.
क्लायंट जाणार सतरा टेबलांवर:
ओपीडी, प्लास्टरची खोली, रात्रपाळीच्या डॉक्टरची अडगळ.
त्यांना काही साठवायचं नाही,
फक्त दार कुठे ते माहीत हवं.
रेमी म्हणाला, दोन्ही टाक ना सगळीकडे,
डिस्क स्वस्त झालीय.
डिस्क झाली असेल,
सतरा उघडी दारं नाही झाली.

मग मी रकाने भरते.
नाव. आवृत्ती. बांधणारी व्यक्ती.
अवलंबून : कशाकशावर, आणि किमान कोणती आवृत्ती.
पटत नाही : कुणाशी.
मामाने माझा बायोडेटा छापला तेव्हा
उंची होती, पगार होता, देवक होतं,
हे दोन रकाने नव्हते.
असते तर तीन चहापोहे वाचले असते.

लाइट जाते तेव्हाचं बघायचं राहिलंय.
आल्यावर क्लायंट चाळीस सेकंदांत उठतात
आणि दार वाजवायला लागतात.
सर्व्हर म्हातारा, एकेक डिस्क चाचपत
चार मिनिटं घेतो.
तोवर क्लायंटने काय करायचं, ते मी ठरवायचं.
एक तर वाजवतच राहायचं, न बोलता,
पडदा गोठलेला,
घाडीगावकरबाई माउस आपटतायत,
समोर मनगट धरून बसलेलं पोर.
किंवा तीनदा वाजवून सांगून टाकायचं :
असा फोटो नाही.
हे खोटं आहे. फोटो आहे.
आत आहे, झोपेत आहे.

मी लिहिलं : वाजवत राहा.
आणि खाली एक ओळ, मराठीत,
जी कुणी मागितली नव्हती :
सर्व्हर उठतोय. फोटो जपून आहे. थांबा.

आता शेवटची फाइल,
पुडकं काढून टाकताना चालणारी.
ही मी दिवसा लिहिते.
ही मी दुसऱ्याला वाचून दाखवते.

कारण पहिल्या वर्षी मी एक पुडकं बांधलं होतं.
काढताना घर स्वच्छ करून निघावं,
असं मला शिकवलेलं,
म्हणून फोल्डरसकट पुसलं.
शीवच्या एका छोट्या दवाखान्यात
कुणी नवी आवृत्ती घालण्याआधी जुनी काढली.
माझी फाइल चालली. एकही चूक नाही.
अकरा हजार फोटो.
बरगड्या, गुडघे, दाढा,
आणि चाचणीच्या दिवशी मी पाहिलेला एक,
चार वर्षांच्या मुलीच्या गळ्यात अडकलेलं रुपयाचं नाणं,
गोल, पांढरं,
त्यावरचा आकडासुद्धा वाचता येईल असं वाटलेलं.

कुणी ओरडलं नाही माझ्यावर.
साहेबांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, चहा घे.

तर आता : सॉफ्टवेअर काढ. फोल्डरला हात लावू नकोस.
विचार. उत्तर आलं नाही तर ते 'नाही' समज.
'हो' आलं तर पुन्हा विचार.
रेमी म्हणतो, किती विचारतेस.
मी म्हणते, एकदाच विचारलं नव्हतं.

संध्याकाळी दोन्ही पुडक्यांवर सही केली,
बेरजा जुळल्या, रेमी शिवडीला गेला.
साडेआठला फोन :
सोळा झाली. सतरावं मशीन कपाटात आहे,
कपाटाला कुलूप,
चावी घाडीगावकरबाईंकडे
आणि बाई भाचीच्या साखरपुड्याला मालवणला.

मी म्हटलं, राहू दे.
सोमवारी ते उठेल, आणि विचारेल.