दोन्ही टोकांना

आधी तळघरात जाऊन ब्रेकर पाडला.
फर्नेस एकदा खाकरली आणि गप्प झाली.
बाहेर हॅन्कॉकच्या उतारावर नोव्हेंबरचं बर्फ,
घरात आई, अंगात कोट, पायांत मोज्यांचे दोन जोड.
"किती वेळ लागेल?"
"अर्धा तास," म्हणाले. थाप.

भावाला टूसॉनच्या उन्हात बसून बघायचंय
आई किती अंशांवर जगते ते.
म्हणून त्याने हा काचेचा चौकोन पाठवला,
सोबत एक कागद, कुठल्या अक्षराला कुठली वायर,
आणि सगळ्यात वर ठळक: आधी फोटो काढा.

फोटो काढला.
मग जुनी गोल टोपी उपसली,
पिवळट सोनेरी, आम्हा सगळ्यांच्या बोटांनी कडेला झिजलेली.
आत काचेच्या कुपीत पाऱ्याचा थेंब
कलला, थांबला, परत कलला,
झोपेत कोणी कूस बदलावी तसा.
पारा कचऱ्यात टाकायचा नसतो.
कॉफीच्या डब्यात ठेवला, जुन्या मोज्यात गुंडाळून.

भिंतीतून आलेली तपकिरी केबल, तिच्यात पाच वायरी.
तीन स्क्रूंखाली दाबलेल्या.
निळी आणि पिवळी मागे सालीभोवती गुंडाळलेल्या,
पाहुण्यांसाठी राखलेल्या चादरींसारख्या
कधीच न वापरलेल्या.
निळी दिसली आणि हायसं वाटलं,
नव्या यंत्राला सतत जागं राहायला तीच हवी.

पांढरी डब्ल्यूखाली. बरोबर.
पण आरखाली, जिथून वीज येते,
जिथे लाल असायची,
तिथे हिरवी.
आणि पंख्याच्या जीखाली लाल.

चष्मा पुसला. टॉर्च जवळ नेला.
पप्पांच्या हातचं काम, सन अठ्ठ्याहत्तर,
प्रत्येक टोक घड्याळाच्या दिशेने वळवलेलं,
एकही स्क्रू सैल नाही.
असा माणूस चुकतो कसा?

पुन्हा तळघर. फर्नेसचं झाकण उघडलं.
तिथेही तेच. आरला हिरवी, जीला लाल.
एकच चूक दोन्ही टोकांना केली
की ती चूक उरत नाही,
घर पंचेचाळीस हिवाळे ऊब घेत राहतं
आणि कोणाला काही कळत नाही.

वर येऊन आईला सांगितलं, सहज,
नळ गळतोय म्हणून सांगावं तसं.
ती खुर्चीत बसली.
बराच वेळ नुसती कोटाचं बटण फिरवत राहिली.
मग म्हणाली, "थिंबलबेरी."

ऑगस्टात रस्त्याकडेच्या झुडपांत आम्ही चौघं, हातांत डबे.
पप्पांच्या डब्यात दरवर्षी निम्म्या कच्च्या.
"लक्ष कुठे असतं, रेइनो?"
"जरा आंबटच बरा लागतो जॅम," ते म्हणायचे,
आणि आम्ही वर्षभर आंबट जॅम खायचो
त्यांना आवडतो म्हणून.
सिग्नलला ते वरचा लागला, खालचा लागला म्हणायचे.
ती त्यांची बोलायची ढब, असं वाटायचं आम्हाला.

मी लेबलं चिकटवली. हिरवीला आर. लालला जी.
रंगावर जाऊ नका, वायर कुठल्या अक्षराखाली होती ते बघा,
हे कागदावर होतंच,
चौथ्या ओळीत, बारीक अक्षरांत.
निळी सीला जोडली, इथे आणि खाली.
नव्या यंत्राने रंग विचारलाच नाही.

साडेतीन तास लागले.
खाली फर्नेस पेटली, जाळीतून धुळीचा भाजका वास आला,
टूसॉनहून मेसेज: एकोणीस दिसतंय, आई बरी आहे ना?

आई खाली वाकून कापलेला तुकडा शोधत होती,
दोन बोटं लांबीचा.
तो तिने खिडकीशी नेला, बर्फाच्या उजेडात धरला.
"हा हिरवा ना?" तिने मला विचारलं,
जशी तिचीच आता खात्री पटत नव्हती.