कडता

वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात पहाटे चारला
हैबती शेलार काट्यापाशी उभा असायचा.
मापाडी. पाटणकडचा. कानावर पेन्सिल.
ओली गोणी आली की बोट आत खुपसायचा,
मग ते बोट हुंगायचा.
"ही दवानं भिजलीया. कडता नाय.
ही आतनं सडलीया. तीन किलो."
ताडपत्रीखाली घामेजलेला माल वेगळा,
खोपोलीला अडकून पडलेल्या ट्रकातला वेगळा.

नियम काय, मी विचारलं.
"नियम हाय की. पण गोणी बघितल्याबिगर
त्याला तोंड फुटत नाय.
परतेक गोणी येगळी, बाबा."

एवढंच वाक्य मी उचललं
आणि समोरच्या गाळ्यावर दिवाणजी झालो.

ओतूरच्या हरणाबाई डुंबरे हिशेबाला बसल्या,
पट्टी उन्हात धरून.
"माल कोरडा होता, दादा. हे दीड किलो कशाचे?"
मी म्हणालो, मागच्या बुधवारी अशाच गोणीला
दीडच कापले होते.
अशाच म्हणजे?
म्हणजे तागाच्याच.
आणि ताग खाडीच्या हवेत ओल धरतोच ना?
धरतो.
मग आज कोरडी असली तरी ती ओलीच्याच वाटेवर आहे.
आणि वाटेवरच्याला पोचलेला धरणं
काय आजच होतंय, मावशी?
शेवटी प्रत्येक गोणी वेगळी.

त्यांना उत्तर सुचलं नाही.
"आसंल," म्हणाल्या. सही केली.
शेठनं चहा मागवला. स्पेशल.

हैबतीआण्णा कधी आला कळलं नाही.
त्यानं त्याच गोणीत बोट घातलं,
हुंगलं,
आणि ते माझ्या नाकासमोर धरलं.
माती. कांद्याचा पापुद्रा. बाकी काही नाही.
"आण्णा, तूच म्हणायचास ना..."
"म्हणायचो," तो म्हणाला. "बघून म्हणायचो."

तो गावी गेला त्याला नऊ वर्षं झाली.
आता काटा इलेक्ट्रॉनिक आहे, लाल आकड्यांचा.
मापात पाप नाही, कुणीही तपासावं.
जे असतं ते मापानंतर,
माझ्या टेबलावर.
कोपरखैरण्याला वन बीएचके झाला. तोही वेगळाच मामला,
सांगायला बसलो तर तुम्हालाही पटेल.

हल्ली एवढंच होतं :
गोणी हमालाच्या पाठीवर असते,
अजून उतरलेलीही नसते,
आणि माझं तोंड
उघडलेलं असतं.