मोड

बुधवार, बाजाराचा दिवस.
जेवणाच्या सुट्टीला सात मिनिटं उरलेली
आणि देवकाबाई निपाने काउंटरपाशी.
पदराची गाठ सोडून एकेक नाणं
काचेखालच्या फटीतून आत सरकवतात.
"हे मोडून द्या, साहेब."

लहान नाण्यांवर भाला-ढाल घेतलेली उभी बाई,
मोठ्यावर डोक्यावर खोळ ओढलेला गुराखी.
झुरिक. कोशाच्या पातळांचं प्रदर्शन, बारा दिवस.
मोहाडीच्या पुढे जिची बस वेळेवर येत नाही
ती बाई तिथे जाऊन आलेली.

नोटा असत्या तर नागपूरला पाठवल्या असत्या, मी सांगतो,
दोन फॉर्म, चार दिवस, कमिशन वेगळं.
नाणी कुणीच घेत नाही, मावशी.

"काऊन जी? खोटे आहेत का?"
"खरे आहेत."
"मंग?"

मागे रांगेत कुणीतरी खोकलं.
कोंबडी पिशवीत हलली.

"इमानतळावर खिडकीतल्या पोराले भाव पुसला,
त्यानं पाटी दाखवली. घेताना येक, देताना येक.
म्हटलं, बापा, तू तं आमच्या
कोसफळाच्या व्यापाऱ्याचा भाऊ निंगाला!
हासला तो. का समजलं त्याले, देव जाने.

चहा पाच. पाच म्हनजे पाचशे.
कप दोन हातानं धरून बसली,
थंडा झाला तरी पेली, टाकला नाही.
बाकी दिवस घरचे पोहे अन् जवसाची चटनी.
संडासले दोन.
आमची गुंफाबाई दिवसभर मांडीवर धागा वळते
तवा तिले तेवढे भेटते, साहेब.
दोन टाकले, आत गेली,
अन् लय वेळ बाहेर आलीच नाही.
दोनशाचं बसून घेतलं.

पानी तेवढं फुकट. चौकाचौकात कारंजं.
मी तीनदा पुसलं, खरंच फुकट?"

रांग आता हसत होती, त्या नव्हत्या.

"माह्या पातळावर चिठ्ठी लावली होती,
सहाशे चाळीस.
लोक चिठ्ठी पाहत, मंग पातळ, मंग पुन्हा चिठ्ठी.
रात्री खोलीत बोटं मोडून हिशेब केला.
एकशे अठ्ठावीस चहा.
तीनशे वीस खेपा संडास.
दीड महिन्याचं काम हो ते, दोघींचं.
तवा मले ते पातळ
लय स्वस्त वाटलं."

मशीनमधून नोटा फडफडत गेल्या, थांबल्या.
मी नाणी परत सरकवली.
एक ठेवून घेतलं, सगळ्यांत बारकं,
आणि खिशातून वीसची नोट काढून दिली.
त्यांनी ती उजेडात धरली, उलटी-सुलटी पाहिली.
"हा घ्यायचा भाव लावला का द्यायचा?"
मला उत्तर सुचेना.
शिपायानं शटर अर्धं ओढलं.

पुढच्या आठवड्यात कर्जाच्या पाहणीला गेलो,
यादीत त्यांचं घर तिसरं.
मागावर ताणा चढलेला, मोहाच्या फुलाच्या रंगाचा,
आणि एक तुटका धागा
सैल पडू नये म्हणून
टोकाला चिंधीत बांधलेलं काहीतरी लोंबत होतं.
मी वाकून चाचपलं. गोल, जड.

"चहा हाये तो," देवकाबाई पाय न थांबवता म्हणाल्या,
"थंडा होऊ द्या."