छत्तीस पानं

बिटकोला बस थांबली तशी गुलनार मोठ्याने म्हणाली,
"तिकडे ड्रायव्हरच तिकीट द्यायचा, आणि सुट्टे मोजून."
कंडक्टरने ऐकलं, मशीनमधून तिकीट काढलं,
सात रुपये नंतर देतो म्हणत पुढे सरकला.

तिकडे म्हणजे स्लोव्हेनिया.
माझा दीर अजून स्लोव्हाकियाच म्हणतो.
अहो भाऊजी, दुसरा. आपल्या जिल्ह्याहून जरासा मोठा.
मुलगा म्हणत होता सहलीबरोबर जा, गाईड असतो,
रोज वरणभात असतो.
गुलनार म्हणाली, नको, एसटीने फिरतो तसं फिरू.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये आम्ही पासपोर्ट तपासले.
शिवण सरळ आहे ना, पानं छत्तीसच आहेत ना,
आकड्यांची भोकं आरपार गेलीत ना.
उजेडाला धरायचं, चाळायचं, बाजूला. पुढचा.
नावं नंतर कुठेतरी दुसरीकडे पडायची.
आमच्या हातातून जायचे ते बिननावाचे,
कुठे जायचं हे अजून न ठरलेले.
सुटताना गेटवर झडती. डबा उघड, पदर झटक.
एक कोरं पान आलं नाही कधी आमच्यासोबत
जेलरोडपर्यंत.

येसेनित्सेहून गाडी सुटली, दोनच डब्यांची,
अंगभर कुणीतरी फवाऱ्याने काहीबाही लिहिलेली.
एक बोगदा एवढा लांब
की कसाऱ्याचे सगळे जोडून बघितले तरी पुरेनात.
मग एकदम नदी. हिरवी.
खात्यात त्या हिरव्याला आम्ही नंबराने ओळखायचो.
मी नंबर सांगितला, गुलनारने दुसरा सांगितला,
पुढची दोन स्टेशनं आमचं भांडण झालं.

एका गावात बसच आली नाही.
पाटीवर लिहिलं होतं स्पष्ट, त्यांच्या भाषेत.
नेडेल्या म्हणजे रविवार
हा शब्द आम्ही दोन तास उभ्याने शिकलो.
समोर उतारावर द्राक्षाच्या रांगा.
तारा, खांब, निळसर औषधाचे डाग, सगळं गिरणाऱ्यासारखं,
फक्त कुणी हाक मारत नव्हतं.

आणि नोव्हा गोरित्साच्या स्टेशनबाहेर तो चौक.
फरशीत एक गोल पत्रा बसवलेला.
पत्र्याची अर्धी बाजू ह्यांची, अर्धी इटलीची.
मी आधीच पिशवीतून पासपोर्ट काढून ठेवला होता,
फोटोचं पान उघडून, अंगठा मध्ये घालून.
घ्यायला कुणी नव्हतं.
एक पोरगा सायकलवरून त्या देशात गेला,
पाव घेऊन ह्या देशात आला.
गुलनारने एक चप्पल इटलीत ठेवली, बसली कठड्यावर,
चिवड्याची पुडी सोडली.
"बघू, पलीकडे जास्त तिखट लागतो का."

मी उभीच.
मग हातांनी आपणहून केलं ते.
उजेडाला धरला, शिवण पाहिली, पानं मोजली.
छत्तीस.

शिक्के चारच पडले, चारही विमानतळांवर.
त्यातल्या एकाची शाई फिकी, तारीख वाचता येत नाही.
खात्यात आला असता तर मी परत पाठवला असता.
बाकीच्या पानांत बसची तिकिटं घालून ठेवलीत.
तीही आता पुसत चालली.

उपनगर गेलं. गांधीनगर गेलं.
बँकेत हयातीचा दाखला द्यायचाय आज,
दोघी जिवंत आहोत हे यंत्राला बोटाने सांगायचं.
मागच्या वर्षी गुलनारचं बोट लागलंच नाही,
कागद चाळून चाळून रेघा गेल्यात म्हणे.
साहेब म्हणाले, दुसरं काही ओळखपत्र?
ह्या वेळी तिने पर्स आधीच उघडून ठेवलीय,
द्वारका यायच्याही आधी,
अंगठा फोटोच्या पानात.

कंडक्टर दाराशी उभा आहे.
सात रुपये अजून त्याच्याकडेच.